काड्या परत

रत्नप्रभा पाटोळे मला पहिल्यांदा दिसली ती कचऱ्याच्या पिंपाशी. १९६९ सालची त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती आणि मी आमचा आकाशकंदील टाकायला निघाले होते. चंडीगडच्या सेक्टर चोविसातल्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन आम्हाला तेव्हा वर्ष झालं होतं. इथल्या बाजारात आकाशकंदील मिळत नाहीत, म्हणून माझ्या यजमानांनी, श्रीपादरावांनी, तो घरी केला होता. तो पहिल्या दिवसापासून एका खांद्यावर कललेला होता आणि दंवानं भिजून आता पुरताच बसला होता.

पांढरा युनिफॉर्म, वर मरून रंगाचा स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट अशी चाळिशी ओलांडलेली एक बाई सायकलवरून उतरली. "ये फेंक रही हैं आप?" तिनं विचारलं. मी हिंदीतच हो म्हटलं. तिनं कंदील माझ्या हातातून घेतला, ओला कागद नखानं सोलला, एक काडी वाकवून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "काड्या बऱ्या आहेत."

त्या दिवसांत चंडीगडात रस्त्यावर मराठी कानी पडलं की माणूस बसमधून उतरून मागं यायचा. मी तिला तशीच घरात नेली. उंबऱ्याशी ती थांबली. "आम्ही ख्रिस्ती," ती म्हणाली. "आधीच सांगते. म्हणजे मागाहून कपाचा प्रश्न नको." मी चहा केला. कप हातात घेऊन तिनं तो फिरवून पाहिला. "बाई, याचा कान तुटलाय. माझ्यासाठी वेगळा काढला नाही ना?" मी फळीवरचे बाकीचे कप दाखवले. चार बदल्यांत एकाही कपाचा कान शाबूत राहिला नव्हता. तेव्हा ती हसली, आणि दुसरा कपही प्याली.

ती शेवगावकडची. नर्सिंग मिरजेला शिकलेली, आणि इथल्या मोठ्या इस्पितळात स्टाफ नर्स. आमच्या मागच्या ओळीत तळमजल्याचं क्वार्टर तिला नुकतंच मिळालं होतं. त्यासाठी तिनं फार वर्षं वाट पाहिली होती, कारण तोवर ती नर्सेसच्या होस्टेलात राहत होती आणि होस्टेलात आईला ठेवता येत नव्हतं. क्वार्टर हाती आलं त्याच आठवड्यात तिनं आईला गावाहून आणलं. म्हातारीला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. गुडघे वाकलेले. थंडीत सूर्य वर आला की ती दारासमोरच्या शिरीषाखाली बाजेवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी खुशाल नगरी मराठीत बोलायची. भाजीवाला सरदारजी तिला पंजाबीत उत्तरं द्यायचा. दोघांचं उत्तम चालायचं.

माझ्या कंदिलाच्या काड्यांचं काय झालं ते मला डिसेंबरात कळलं. नाताळच्या आदल्या दिवशी त्या शिरीषावर सातआठ चांदण्या टांगलेल्या होत्या आणि मधल्या चांदणीचा खांदा मी लगेच ओळखला. तिनं तो कलता खांदा दुरुस्त केलाच नव्हता.

ती झाडावर दिवा म्हणून लावत नसे. तिथं विजेची सोय नव्हती, आणि दिव्याचं तिला कौतुकही नव्हतं. दिवसाउजेडी चमकेल असंच सगळं ती करी. चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद सपाट करून ती काड्यांच्या सांगाड्यावर चढवी. कागद दंवात टिकत नाही असं दिसल्यावर तिनं मेट्रनला विचारून टाकाऊ एक्स-रे फिल्म आणल्या. सोड्याच्या गरम पाण्यात त्या भिजत घातल्या की वरचा काळा थर सुटतो आणि खाली काचेसारखा पापुद्रा राहतो. एका फिल्मवर कुणाच्या तरी मनगटाची हाडं फिकी राहून गेली होती. मी म्हटलं, ही नको लावू, कसंसंच वाटतं. "जुळून आलेलं मनगट आहे, बाई," ती म्हणाली, आणि ती चांदणी सगळ्यांत खालच्या फांदीला बांधली, सगळ्यांना दिसेल अशी. इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या ती उकळून घेई आणि त्यांत पाणी भरून कुठं लाल औषधाचा, कुठं जांभळ्या औषधाचा थेंब टाकी. शिरीषाची पानं तोवर झडत आलेली असतात, नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळत असतात. हाताला येतील तेवढ्या शेंगा ती चुन्यात बुडवून पांढऱ्या करी. सकाळी दहापर्यंत धुकं असे. मग एकदम ऊन पडे आणि ते अख्खं झाड लखलखे. मी शिकवायची त्या शाळेला सुट्टी असली की त्या वेळी मुद्दाम तिकडून जाई.

हे सगळं ती बांधायची बँडेजच्या पट्टीनं. जुन्या चादरी फाडून केलेल्या पट्ट्या, आणि ओढली की सुटणारी गाठ. झाडाला खिळा मारू देत नसे.

पुढच्या दिवाळीत ती आमच्या दारात आली. हातात नवाकोरा आकाशकंदील, पतंगाच्या लाल-पिवळ्या कागदाचा. "तुमच्याच काड्या," म्हणाली. "त्रिपुरी झाली की परत."

तिथून ती रीत पडली. शेजारपाजारच्या मराठी बिऱ्हाडांनी आमचा कंदील पाहिला आणि तिच्याकडं रीघ लागली. कागद ज्याचा त्यानं आणायचा, कंदील ती करणार, आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतर सांगाडा तिच्याकडं पोचता करायचा. महाराष्ट्र मंडळातल्या बायका भेटल्या की नमस्काराच्या जागी एकमेकींना विचारू लागल्या, "काड्या परत केल्या का?" त्या काड्यांचं पुढं काय होतं, हे निम्म्या जणांना माहीत होतं. उरलेल्यांनी विचारलं नव्हतं.

१९७३ साली तिच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर दिगंबरराव राहायला आले. नागपूरचे. एका केंद्रीय कार्यालयात सेक्शन ऑफिसर, वर्षाच्या आत मंडळाचे चिटणीस. माणूस टापटिपीचा. इस्त्रीची पँट, खिशात दोन पेनं, आणि मराठीची माया अशी की गॅलरीतून शिरीषापर्यंत त्यांनी रेडिओची लांबच लांब एरियल ताणली होती, का, तर संध्याकाळी मराठी बातम्या स्वच्छ लागाव्यात. रत्नप्रभेला ते नेहमी "सिस्टर" म्हणायचे. नावानं कधीच नाही. त्यांची बायको मीनाक्षी मात्र तिला रत्नाताई म्हणायची.

दिवाळीत त्यांच्याकडंही कंदील गेला. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा निखळला तेव्हा दिगंबररावांनी तो ऑफिसातल्या फायलींच्या लाल फितीनं बांधला. कार्तिक संपल्यावर मीनाक्षीनं रीतीप्रमाणं सांगाडा खाली पोचवला. घरात तिनं ते सांगितलं नसावं.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी रत्नप्रभा एकच चांदणी लावत असे. बाकीच्या मागाहून. त्या वर्षी नेमका तोच सांगाडा तिच्या हाताला आला. सोमवारी सकाळी मी तिच्याकडं तापाची गोळी मागायला गेले होते. आम्ही दोघी दाराशी उभ्या, म्हातारी बाजेवर. दिगंबरराव स्कूटरला किक मारता मारता थांबले आणि मान वर करून बघत राहिले. धुक्यात चंदेरी कागद फारसा दिसत नव्हता, लाल फीत मात्र दिसत होती.

"हा तर माझा कंदील होय," ते म्हणाले. "सिस्टर, हे काय करून राहिल्या तुम्ही? लक्ष्मीपूजनाला लावलेला कंदील होय तो."

"तुमचा कागद घडी करून ठेवलाय," रत्नप्रभा म्हणाली. "आणून देते. काड्या माझ्या आहेत."

दिगंबररावांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. कुणाच्या सणाला आपला विरोध नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पण एक वस्तू दोन देवांना कशी चालेल? आणि हे झाड सरकारी. नाताळचं झाड म्हणजे देवदार असतो, शिरीष नसतो, हेही त्यांनी ऐकवलं. यावर ती म्हणाली की बेथलेहेमात कुठं देवदार होते. मग ते म्हणाले, "तुमच्या घरात काय पाहिजे ते करा न जी. आत करा. बाहेर कशाला?"

म्हातारी तोवर गप्प ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्याकडं झाड भायेरच आसतं, दादा. घरात मान्सं मावत नव्हती, झाड कुठलं मावतंय."

रत्नप्रभेनं आईच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग ती त्यांच्याकडं वळली. "तुम्ही कंदील घरात लावता का? नावच आकाशकंदील आहे त्याचं. घरकंदील नाही. आणि दिगंबरराव, रोज मला सिस्टर म्हणता. भाऊबीज होऊन गेली, ओवाळणी कुठाय? या काड्या त्यात धरा."

वर गॅलरीत मीनाक्षी फिसकन हसली आणि लगेच आत गेली. मला वाटतं, दिगंबररावांना काड्यांपेक्षा ते हसूच जास्त लागलं असावं.

आठवड्यात नोटीस आली. घरं वाटणाऱ्या कार्यालयाची, इंग्रजीत. सरकारी झाडाला खिळे ठोकून इजा केल्याची तक्रार आली आहे. झाडावर लावलेल्या वस्तू ताबडतोब काढाव्यात. अधिकारी शुक्रवारी पाहणी करतील. वस्तू आढळल्या तर क्वार्टरचं वाटप रद्द करण्याचा विचार होईल. तक्रारदाराचं नाव नव्हतं. ते शोधायची गरजही नव्हती.

ती नोटीस घेऊन माझ्याकडं आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा बसूनही न बसल्यासारखी पाहिली. खुर्चीच्या कडेवर, हात मांडीवर. वाटप रद्द म्हणजे परत होस्टेल, आणि आई गावाला. गावाला तर कुणी उरलं नव्हतं. श्रीपादरावांनी तिला सरळ सल्ला दिला: एक चांदणी आहे, काढून टाका. शुक्रवारी साहेब येऊन जाईल, शनिवारी पुन्हा लावा. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा सल्ला होता आणि चुकीचा नव्हता.

तिनं तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाली, "भाऊजी, खिळा मी मारलेला नाही. न मारलेला खिळा काढून दाखवला, तर मारला होता असंच होईल ना?"

थोड्या वेळानं तिनं बशीतली चकली उचलली. "आणि एका चांदणीसाठी एवढा साहेब येणार," ती म्हणाली. "बरं दिसत नाही."

गुरुवारी तिची दुपारची सुट्टी होती. घरात जेवढे सांगाडे होते तेवढे सगळे तिनं बाहेर काढले आणि नाताळला दोन आठवडे अवकाश असताना अख्खं झाड सजवायला घेतलं. मी शाळेतून परस्पर तिकडंच गेले. ती शिडीवर, मी खालून वस्तू देत होते. आमचा कलता खांदा, डॉक्टर देवधरांकडचा षटकोन, विद्यापीठातल्या मराठी बिऱ्हाडांचे तीन. कुणाचा कुठला ते तिला काडीवरून कळे. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबू लागल्या. सरोजबाई म्हणून मंडळाच्या एक जुन्या सभासद होत्या. त्यांनी अजून काड्या परत केल्या नव्हत्या. नोटिशीचं ऐकून त्या घरी गेल्या आणि सांगाडा घेऊन आल्या. तिच्या हातात देताना म्हणाल्या, "मला हे पटलेलं नाही हं, आधीच सांगते. पण रीत ती रीत." रत्नप्रभेनं तो वरच्या फांदीला लावला. लाल फितीची चांदणी होती तिथंच राहिली.

गॅलरीचं दार दिवसभर बंद होतं.

शुक्रवारी अधिकारी आला तो धुक्यातून, सायकलवरून. नरिंदरसिंग नावाचा बागखात्याचा उतारवयाचा इन्स्पेक्टर. पायांत गमबूट, हातात वेताची छडी. रत्नप्रभा ड्यूटीचा युनिफॉर्म चढवून, केसांना टोपी लावून दारात उभी होती. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आई बाजेवर होतीच. दिगंबररावही खाली उतरले. तक्रारदार म्हणून नव्हे, मंडळाचे चिटणीस म्हणून, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

सरदारजींनी कुणाकडंच बघितलं नाही. ते झाडाकडं बघत होते. त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला, एकेक फांदी खाली ओढून पाहिली. एका चांदणीची पट्टी ओढली. ती सुटून त्यांच्या तळहातात पडली. त्यांनी ती पुन्हा बांधायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा ती त्यांनी रत्नप्रभेच्या हातात दिली. तिनं एका हातानं गाठ मारून दाखवली. मग ते झाडामागं गेले, आणि बराच वेळ तिथंच राहिले.

"कील तो एक ही है," मागून आवाज आला. "काफी अंदर गई है. किसकी है?"

आम्ही सगळे तिकडं गेलो. पुरुषभर उंचीवर जाडजूड खिळा सालीत रुतला होता. त्याच्याभोवती काळा डिंक ओघळून वाळला होता. आणि खिळ्यापासून एक तार निघून वर, गॅलरीकडं गेली होती.

दिगंबरराव खाली बघत होते. त्यांचे बूट धुक्यानं ओले झाले होते. "मेरी है," ते म्हणाले. "रेडिओची एरियल होय ती." हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपलं, हे त्यांना कळलंही नाही.

सरदारजींनी पिशवीतून पकड काढली आणि खिळा उपटला. जखमेवर त्यांनी ओली माती थापली. मग त्यांनी रत्नप्रभेला विचारलं की हे सगळं कधी उतरवणार. तिनं सांगितलं, सहा जानेवारीला. "एक तारखेला उतरवा," ते म्हणाले. "सहाला," ती म्हणाली. "आमच्यात सहापर्यंत असतं." मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सायकलवर टांग मारली. जाताना म्हातारीला त्यांनी सत श्री अकाल केला. म्हातारीनं त्यांना शेवगावची बाजरी कशी असते ते सांगितलं.

तार झाडाखाली वेटोळं घालून पडली होती. रत्नप्रभेनं खिशातून बँडेजची एक पट्टी काढली आणि दिगंबररावांपुढं धरली.

"यानं बांधा. झाडाला दुखत नाही."

त्यांनी पट्टी घेतली नाही. तिनं ती तारेच्या वेटोळ्यावर ठेवली आणि ड्यूटीवर निघून गेली. संध्याकाळी मी पीठ आणायला त्या बाजूनं गेले तेव्हा वरच्या गॅलरीतून खरखरीसकट मराठी बातम्या ऐकू येत होत्या. गाठ कुणी मारली होती, मला माहीत नाही. सैल होती, नर्सची नव्हती.

नोटिशीबद्दल पुन्हा काही आलं नाही. पण मंडळात दोन वर्षं कुजबुज होत राहिली. काहींनी तिच्याकडून कंदील घेणं सोडलं आणि पुठ्ठ्याचे करून लावले. तिनं त्यांना पुठ्ठ्यावर मेण कसं चढवायचं तेवढं सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही, ते कंदील पाडव्यापर्यंत लोळागोळा झाले. दिगंबररावांकडचा कंदील मात्र, त्याच लाल फितीच्या सांगाड्याचा, दरवर्षी तिच्याकडूनच जाई. मीनाक्षी येऊन मागे, ती देई, आणि म्हणे, "काड्या परत." त्या काड्या परत कधी आल्या नाहीत. ते सांगाडा माळ्यावर ठेवत आणि पुढच्या वर्षी त्यावरच नवा कागद लावायला पाठवत. तिनं ते चालवून घेतलं. पण डिसेंबरात गॅलरीच्या समोरची एक फांदी ती मोकळी ठेवू लागली. बाकी झाड गच्च, ती एक फांदी उघडी. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांची जागा आहे. यायचं तेव्हा येतील."

१९७७ साली दिगंबररावांची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकात चढत होतं तेव्हा आम्ही दोघी निरोपाला गेलो होतो. वळकटीवर तो सांगाडा नीट बांधलेला होता, लाल फितीसकट. मीनाक्षीला अवघडल्यासारखं झालं. दिगंबरराव पुढं आले. त्यांनी रत्नप्रभेला नमस्कार केला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "येतो, रत्नप्रभाबाई." काड्यांविषयी ते काही बोलले नाहीत.

ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "नेला. न्यायचाच होता, बांबू चांगला होता तो."

त्या डिसेंबरातही तिनं ती फांदी मोकळीच ठेवली.

म्हातारी पुढल्या वर्षी गेली, शिरीषाखालच्या बाजेवर, उन्हात. रत्नप्रभा क्वार्टरमध्ये निवृत्तीपर्यंत राहिली. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं की ती गावी जाईल, नाहीतर मिरजेला. मंडळानं तिला निरोपाची शाल दिली. तेव्हा तिनं उभं राहून सांगितलं की निरोप कसला देताय, मी इथंच तासाभरावर पिंजोरला चाललेय, दिवाळीला येतेच आहे, काड्या तयार ठेवा.

तिला निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. मी मागच्या महिन्यात तिच्याकडं जाऊन आले. कालक्याच्या रस्त्यालगत दोन खोल्या आहेत. भिंतीशी सांगाडे एकात एक घालून रचलेले. सध्या ती एका कारखान्याच्या दवाखान्यात सकाळची पाळी करते. तिच्या दाराशी झाड नाही. रस्त्यापलीकडं एक आंबा आहे, तो दुसऱ्याचा आहे, आणि डिसेंबरात ती त्याला चांदण्या लावते.